सारांच्या नावानं

"हात काढ माउसवरून," भिवाजी म्हणाला तशी दफ्तरात नवी लागलेली प्रीती दचकली. "उघडू नको."

"काका, डॉक्टरसारचा मेल आहे. पत्ता त्यायचाच आहे, पाहा ना."

भिवाजीनं चष्मा पुसून पत्ता अक्षर न् अक्षर वाचला. सारांचाच होता. 'नवी रुग्णयादी. सर्व केंद्रांनी ताबडतोब उघडावी,' एवढाच मजकूर आणि खाली एक फाईल. आदिलाबादच्या या दफ्तरात आणि जिल्ह्यातल्या सहा केंद्रांत तो एकाच वेळी येऊन पडला होता.

संस्था सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांची. नऊ हजार माणसांच्या नोंदी तिथं होत्या. कोणाला कोणतं औषध सोसत नाही, कोणाला रक्त कधी दिलं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेत कोणीतरी असलीच फाईल उघडली आणि सगळ्या नोंदींना असं कुलूप बसलं की ते कधी निघालंच नाही. तेव्हापासून भिवाजीचा नेम होता : फाईल आली की आधी पाठवणाऱ्याला फोन. लोक हसत. उटनूरची नर्स देवकाबाई तर त्याला 'चौकशी खातं' म्हणायची.

फक्त डॉक्टर सुधाकरराव, सगळ्यांचे सार, कधी हसले नव्हते. "माझ्या नावानं आलं तरी विचारजो," म्हणाले होते. बावीस वर्षांपूर्वी, फरशी पुसणाऱ्या भिवाजीला हाताला धरून त्यांनीच कॉम्प्युटरपुढं बसवलं होतं. महिनाभरापासून ते छातीच्या दुखण्यानं हैदराबादला लेकीकडे होते.

"आजारी माणसाले काऊन त्रास देता?" प्रीती म्हणाली.

"त्यायनंच सांगतलं हाय."

फोन सारांच्या पत्नीनं, रुख्मिणीबाईंनी उचलला.

"ताई, भिवाजी बोलून राह्यलो. सारनं आता मेल पाठवला का, एवढंच इचाराचं होतं."



"सार पहाटेच गेले रे, भिवाजी. तुला कळवायचंच होतं. हात चालेना."

मेल नऊ वाजून दहा मिनिटांनी आला होता.

भिवाजीनं प्रीतीला दोन शब्दांत सांगितलं. दहाला केंद्रं उघडतात. सारांचं नाव दिसलं की कोणीही आनंदानं ती फाईल उघडणार. प्रीती डोळे पुसत एकेका मशीनची इंटरनेटची वायर काढायला लागली आणि त्यानं पहिला फोन तामसीच्या केंद्राला लावला.

"सारच्या नावाचा मेल उघडू नका."

"काऊन? सारचाच तं हाय."

मग सांगावंच लागलं. पुढच्या प्रत्येक फोनवर दोन्ही गोष्टी सांगायच्या होत्या, आणि आधी कोणती सांगावी हे त्याला एकदाही ठरवता आलं नाही. पाचव्या फोनला त्याचा आवाज फाटला नाही. त्याचीच त्याला लाज वाटली.

शेवटचा फोन उटनूरचा.

"तोच मेल वाचून राह्यले, भाऊ," देवकाबाई म्हणाली. "फाईल उघडतच होते, तेवढ्यात तुमचा फोन आला."

"नका उघडू, बाई. ते सारचं नाई." आणि त्यानं सांगितलं.

देवकाबाईनं चोवीस वर्षं सारांच्या हाताखाली काम केलं होतं. 

"पन नाव तं त्यायचंच हाय," ती म्हणाली. "एक डाव पाहू द्या ना. जाता जाता कायी लिवून ठेवलं असन तं?"

"नाई, बाई. कोन्या चोरानं त्यायचं नाव लावलं. त्यात सार नाईत."

"मंग सांगा, कुठं दाबू."

तिला सगळं येत होतं. तरी तो हळूहळू सांगत राहिला. फाईलला हात न लावता मेल निवडा, मग कचऱ्याच्या डब्याची खूण दाबा, मग तो डबाही रिकामा करा.

"गेला का?"

"गेला."

फोन कोणीच ठेवला नाही. पलीकडं बाकं सरकल्याचा आवाज झाला, एक लेकरू रडलं, कोणीतरी तेलुगूत नंबर विचारला. देवकाबाईनं फोन तसाच टेबलावर ठेवला असावा. भिवाजीनं तो कानाला लावूनच धरला. तिनं घसा साफ केला आणि पहिल्या रुग्णाचं नाव पुकारलं, रोजच्यासारखं, खणखणीत.