शंभरापर्यंत पाठीवर

मी लाइफ जॅकेट बोलतोय. पाण्यात लोक स्वतःच एवढे ओरडत असतात की माझं कोण ऐकणार? आणि पाण्याबाहेर मला कुणी विचारत नाही. आज तुम्ही भेटलात, तर चार गोष्टी सांगून घेतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शिलाई मशीनवरच्या बाईंनी नारिंगी कापडात फोमचे जाड तुकडे कोंबले, पट्ट्यांना दुहेरी टीप मारली आणि शेवटी दोन्ही हातांनी पट्टी अशी काही ओढली की मला वाटलं, जन्मलो तसाच मेलो. "टिकेल," एवढंच म्हणून त्यांनी मला बाजूच्या ढिगावर फेकलं.

तिथून अकरा भावंडांबरोबर मी या तळ्याकाठच्या शिबिरात आलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यासारखी चर्चची मुलंमुली इथे आठवडाभर राहायला येतात. सकाळी प्रार्थना, मग धडा, मग तळं, मग जेवण, आणि थोड्या वेळाने पुन्हा जेवण. सुट्टी संपली की आम्ही होड्यांच्या शेडमध्ये खुंटीवर. उरलेलं वर्ष उंदीर तेवढे येऊन विचारपूस करायचे. एका उंदरिणीने तर माझ्या खिशात बाळंतपण उरकलं. मला राग आला नाही. कुणाला तरी आधार झाला, एवढंच.

माणसांचं एक मला कळत नाही. जॅकेट अंगात घालायचं सोडून ती त्याचं बाकी सगळं करतात. उशी करतात, ओल्या बाकावरचं आसन करतात, फुटबॉलचा गोलपोस्ट करतात. घातलंच तर खालची पट्टी बांधत नाहीत. "एवढं काय होतंय?" म्हणतात. होतं काय, तर पाण्यात जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि माणूस खाली जातो.

आमच्या तळ्यावर पोहायला शिकवायला एक सर होते. वर्षभर ते लोकांचे गळके नळ दुरुस्त करायचे आणि सुट्टीत दोन आठवडे काम बंद ठेवून शिबिरात यायचे. मुलं त्यांना नळसर म्हणायची. किडकिडीत, लाजाळू माणूस. चार लोकांसमोर उभं राहिलं की ते स्वतःचा कान खाजवायचे. त्या वर्षी मोठ्या मुलांचा सकाळचा धडाही त्यांच्याच गळ्यात पडला. विषय होता, प्रभू येशूवर विसंबणं.

पहिल्याच दिवशी ते मला उचलून धड्याच्या खोलीत घेऊन गेले. कान खाजवून झाल्यावर त्यांनी मला वर धरलं.

"मुलांनो, येशू या जॅकेटसारखा आहे."

मला तर घामच फुटला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बुडायची वेळ आली की घालायचा आणि मग काढून टांगून ठेवायचा?"

खोली हसली. विचारणारी मुलगी मात्र हसली नाही. सोळा वर्षांची असेल. बारा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन आली होती आणि आल्यापासून तिने सगळ्या मुलींच्या चादरींच्या घड्या तपासल्या होत्या, म्हणून तिचं नाव मॅनेजर पडलं होतं.

नळसर लालबुंद झाले. "थांब," ते म्हणाले. "मला विचार करू दे. नंतर सांगतो."

मी पुष्कळ वक्ते ऐकले आहेत. 'विचार करू दे' म्हणणारा हा पहिलाच.

दुपारी पाण्यात उतरताना मी मॅनेजरच्याच वाट्याला आलो. तिने माझ्या पट्ट्या बांधल्या, भावाच्या बांधल्या, मग ओळीतल्या प्रत्येकाच्या ओढून पाहिल्या. काम चोख. पण पाण्यात शिरल्याबरोबर तिने दोन्ही हातांनी माझी कॉलर गच्च धरली आणि पाय असे मारायला लागली, जणू तळं ढवळून लोणीच काढायचंय.

"जॅकेटला धरू नकोस!" नळसर धक्क्यावरून ओरडले. "त्याने तुला धरलंय. मागे रेल. डोकं पाण्यात टाक."

"आणि त्याने सोडलं तर?"

"नाही सोडणार."

"तुम्हाला काय जातंय सांगायला!"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझी तर कॉलर उसवायची वेळ आली. एवढ्या जवळ राहिल्यावर माणसाचं घरचं कळतंच. या बहीणभावाला वडील नव्हते. आई पाठीच्या ऑपरेशननंतर वर्षभर अंथरुणाला होती. स्वयंपाक, औषधं, भावाचा अभ्यास, सगळं हीच बघायची. मावशी आठवडाभर घरी येऊन राहिली आणि तिने दोघांना जबरदस्तीने शिबिराला पाठवलं होतं. बाहेर मात्र कुणी विचारलं की मॅनेजरचं उत्तर ठरलेलं, "आमचं छान चाललंय."

चौथ्या दिवशी धक्क्यावर बहीणभावाची जुंपली.

"उद्या दुपारच्या बसने आपण घरी जातोय," ती म्हणाली.

"मी नाही येणार. मावशी आहे ना तिथे!"

"मावशीला कुठली गोळी कधी द्यायची कळतं का? माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही."

"ताई, तू नसलीस तर पानं जरा निवांत बसतील तरी!"

एक धपाटा बसला. भाऊ लांब सरकून उभा राहिला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "बरं. पैज लाव. तू शंभर मोजेपर्यंत पाठीवर तरंगलीस तर मी गपगुमान बॅग भरतो. नाही जमलं तर शिबिर संपेपर्यंत थांबायचं."

त्याला पक्कं माहीत होतं, हिला दहापर्यंतही जमणार नाही. पण मॅनेजर पैजेला मागे हटणारी नव्हती. तिने माझ्या पट्ट्या आवळल्या आणि उडी मारली.

पहिल्या वेळी आकडा सातपर्यंत गेला. दुसऱ्या वेळी अकरा, मग नाकातोंडात पाणी. तिसऱ्या वेळी ती एवढी ताठ झाली की फळी परवडली. या वेळी नऊ. भावाने धक्क्यावर नाचून घेतलं. तिला जिंकायचं होतं, घरी जायचं होतं, आणि जितका जोर लावावा तितकी ती बुडत होती. मी माझ्या परीने तिला उचलत होतो, पण जो स्वतःलाच उचलून धरतोय त्याला उचलणार कसं?

नळसर कमरेएवढ्या पाण्यात येऊन उभे राहिले. त्यांनी तिला हात लावला नाही.

"त्या दिवशीचं उत्तर सापडलं," ते म्हणाले. "माझं उदाहरणच चुकलं होतं. येशू जॅकेटसारखा नाही. जॅकेट फक्त पाण्यात. तो घरी आहे, स्वयंपाकघरात आहे, तुझ्या आईच्या खोलीत आहे."

ती चमकली. "आईचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"धाकट्याने. रागावू नकोस."

"मग सांगा ना, आई बरी होईल?"

सरांचा हात कानाकडे गेला, पण तिथे पोचला नाही. "मला माहीत नाही. मी खोटं सांगणार नाही. पण तू आज इथे आहेस आणि आई तिथे आहे. मग आत्ता या क्षणी तिला कुणी धरलंय? तू?"

कितीतरी वेळ माझ्या कॉलरीवर तिची बोटं तशीच होती. मग एक सुटलं, दुसरं सुटलं. तिने डोकं मागे टाकलं आणि कान पाण्याखाली गेले.

भाऊ मोजायला लागला. दहा. वीस. पाय शांत झाले. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी कशासाठी शिवला गेलो. चाळिसाच्या आसपास तिचे ओठ हलले. माझी कॉलर तिच्या हनुवटीलाच असते, म्हणून ते फक्त मला ऐकू आलं. "प्रभू, मला नाही जमत रे. मी दमले. आईला तू बघ. मलाही बघ."

"अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव... शंभर!" भावाचा आवाज रडवेला झाला होता. "जिंकलीस. ऊठ आता. भरतो बॅग."

ती उठली नाही. एकशे दहा झाले, दीडशे झाले.

"ताई! अगं, झाले शंभर!"

"गप रे," डोळे मिटूनच ती म्हणाली. "पुढे मोज."

दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या बसने ते गेले नाहीत. त्या संध्याकाळी तिने नळसरांना आणि शिबिराच्या भटारखान्यातल्या मावशींना सगळं सांगितलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाताने वाढलेलं ताट मुकाट्याने घेतलं. तिच्या घराशेजारच्या चर्चमधल्या बायकांनी पुढे आठवड्याच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या. तोवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! आई हळूहळू काठी घेऊन चालायला लागली. पाठ अजून दुखते, म्हणे.

हे मला कसं कळलं? कारण आता मॅनेजरच तळ्यावर शिकवते. या वर्षी सुट्टीच्या आधी तिने आम्हा सगळ्यांना वजन बांधून पाण्यात टाकलं. कोण तरंगतं ते बघायची हीच रीत. भावंडं वर राहिली. मी मात्र बुडबुडे सोडत तळाशी गेलो. इतक्या उन्हाळ्यांत फोम दबून गेलाय माझा.

तिने मला बाहेर काढून पिळलं, काळ्या शाईने छातीवर 'बाद' असं ठसठशीत लिहिलं आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून मला एकदा पोटाशी धरलं.

मला वाईट वाटलं नाही. त्या दुपारी पाण्यात ती जे बोलली, ते माझ्याशी नव्हतंच. मी नुसता जवळ होतो, म्हणून ऐकलं. तेव्हा मुलांनो, आता माझ्यावर भरवसा ठेवू नका, मी झिजलो. ज्याच्याशी ती बोलली तो झिजलेला नाही. रोज सकाळी तुम्ही उठायच्या आधी ती धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसते आणि अजून त्याच्याशीच बोलते. तुम्हीही बोलून बघा. मोठ्याने बोलायची लाज वाटली तर पुटपुटलात तरी चालतं.