पावतीची पाठ

समन्सवरच्या पत्त्यात पिन कोडचा शेवटचा आकडा चुकला होता. दत्ताराम तांब्यांनी सही करायच्या आधी तो बेलिफाला दाखवला.

"सहाशे बारा हवा. तुमी तेरा लिवलात."

बेलिफ पायरीवर बसून घाम पुसत होता. निम्मे लोक समन्स घेतच नाहीत, दाराला डकवून यावं लागतं, आणि हे गृहस्थ चूक काढून वर पाणी विचारतात, याची त्याला गंमत वाटली. तांब्यांना वाटली नाही. तेहतीस वर्षं रत्नागिरीत टपाल वाटलेला माणूस. रजिस्टर पाकीट नाकारलं की बला टळली असं मानणारी घरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, आणि त्याच घरांतली टोप-पातेली पुढे रस्त्यावर आलेलीही पाहिली होती. नाकारलेला कागदही पोचतोच. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि बेलिफाला पाणी पाजूनच पाठवलं.

कागदात म्हटलं होतं, की सुजय शेट्ये यांच्या झाडगावातल्या घरामागच्या दोन खोल्यांचे भाडेकरू तांबे यांनी दरमहा नऊशे रुपयांप्रमाणे चाळीस महिन्यांचं भाडं थकवलं आहे. सबब खोल्या खाली करून मिळाव्यात.

नऊशेत आज झाडगावात म्हैस बांधायला जागा मिळत नाही. हे सुजयला ठाऊक होतं, तांब्यांनाही ठाऊक होतं. पण भाडं कमी आहे म्हणून कुणाला काढता येत नाही. थकलं तर येतं. सुजयचं हार्डवेअरचं दुकान होतं. कुठला खिळा कुठे बसतो हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"नोटीस आली तवाच बोलले होते मी," त्यांची बायको शालन आतून म्हणाली. "वकिलाकडं जावा. तुमी ती डब्यात ठेवलात. तीन महिने कागद डब्यात मुरवलात, काय लोनचा होता तो?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ज्याचे कागद पुरे असतात तो निर्धास्त झोपतो, आणि तांब्यांचे कागद पुरे होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बत्तीस मनिऑर्डरींच्या पावत्या होत्या, नऊशे-नऊशेच्या. पाठवणार दत्ताराम तांबे. घेणार कमळा, मुक्काम बुरोंडी. जवळजवळ प्रत्येक पावतीच्या पाठीवर हाताने लिहिलेली एकच ओळ: 'भाडे पोचले. गंगुबाई शेट्ये.'

कमळा ही गंगुबाईंची मुलगी, सुजयची थोरली बहीण. बावीस वर्षांपूर्वी तिने बुरोंडीच्या सदू नावाच्या खलाशाशी लग्न केलं आणि शेट्यांच्या घरात तिचं नाव घ्यायचं बंद झालं. पुढे सदूला अर्धांग झालं. गंगुबाईंचं बँकेचं पुस्तक सुजयकडे, सोनं सुजयच्या बायकोकडे; त्यांच्या हातात स्वतःचं असं एकच उत्पन्न होतं, मागच्या खोल्यांचं भाडं. आईचा पानखर्च म्हणून सुजय त्याचा हिशेब विचारत नसे. एका पहिल्या तारखेला त्यांनी तांब्यांच्या हातातले पैसे घेतलेच नाहीत. ते कमळेला पाठवा म्हणाल्या, आणि पावती मला दाखवा. भाडेपावतीचं पुस्तक त्यांनी त्या दिवशी मिटलं ते मिटलंच. माझ्या हाती आले नाहीत त्या पैशांची पावती मी फाडायची नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पोस्टाची पावती पाहायची, पाठीवर सही करायची, झालं.

मार्गशीर्षात त्या गेल्या. सुजयने पुस्तक उघडलं तर बत्तीस महिने कोरे. पुढच्या पहिलीला तांबे भाडं घेऊन गेले, तर त्याने पैशांना हात लावला नाही. म्हातारीला दिसत नव्हतं, त्याचा फायदा घेतलात, काका, एवढं म्हणाला आणि गिऱ्हाईकाकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतरच्या आठ मनिऑर्डरी 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आल्या. तो शेरा तांब्यांनी आयुष्यात शेकडो वेळा स्वतः लिहिला होता. अक्षर आता दुसऱ्याचं होतं, एवढाच फरक.

वेदिका नावाच्या तरुण वकीलबाईंनी समन्स वाचलं आणि बोटांवर हिशेब मांडला. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी बाकी कोर्टात भरायची. वर पंधरा टक्के व्याज, दाव्याचा खर्च. आणि निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं नेमाने कोर्टातच. एवढं केलं तर थकबाकीवरून घर जात नाही.

"एकूण साडेअठ्ठेचाळीस हजार होतात," त्या म्हणाल्या. "पण काका, तुम्ही दिलंय ना भाडं? मग त्याचा काही पुरावा? निदान थकबाकीदार नव्हतात हे तरी रेकॉर्डवर येऊ दे. नुसते पैसे भरलेत तर घर राहील, पण बत्तीस महिने बुडवले होते हे कबूल केल्यासारखं दिसेल."

डबा तांब्यांच्या मांडीवरच्या पिशवीत होता. त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले आणि विचारून सांगतो म्हणाले. कुणाला, ते वेदिकाबाईंनी विचारलं नाही.

घरी पन्नास हजार होते. परत आलेल्या आठ मनिऑर्डरींचे पैसेही त्यातच. तांबे नोकरीत कायम झाले तेच उशिरा, त्यामुळे पेन्शन बेताची. या पन्नासाला सहा वर्षं लागली होती. मुंबईकडे अमरदीप, त्यांचा मुलगा, दिवा स्टेशनाजवळ भाड्याची खोली घेणार होता, तिथल्या मालकाच्या डिपॉझिटसाठी ते ठेवलेले. म्हणजे बापाची खोली आणि मुलाची खोली एकाच पुडक्यात बांधलेली होती.

"दाखवून टाका त्या पावत्या जजला," शालन म्हणाली. "आपुन काय चोरलाव कुणाचा?"

तांब्यांनी दुसऱ्या दिवशी दापोलीची एसटी धरली.

बुरोंडीला कमळा ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. आत खाटेवर सदू. तांब्यांनी प्रकरण सांगितलं. ती पैसे आईचे समजत होती. भाड्याचे, हे तिला आजच कळलं. साक्षीला यावं लागेल, इथवर ते आले तेव्हा तिने हात धुतले आणि फडताळातून एक कागद आणून पुढे ठेवला. हक्कसोडपत्राची नक्कल होती. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा तिने चैत्रात सुजयच्या नावे सोडून दिला होता.

तांब्यांनी तो नेहमीच्या सवयीने वाचला, आधी पत्ता, मग मजकूर. मोबदला या रकान्यात काही नव्हतं.

"काय दिलान त्यानं?"

"वर्षश्राद्धाला बोलावलान." कमळा खाली बघून म्हणाली. "आई गेली तवा मला कळवलान नाय. तेराव्यालाही नाय. आता बोलावलाय. बावीस वर्षांनी उंबऱ्यात पाय पडेल माझा. तुमी कोर्टात पावत्या दाखवलात, तर आईनं त्याच्या मागनं मला पैसे दिले ह्या त्याला कळेल. मग तो मला येऊ देल?"

लाखांचा हिस्सा देऊन बाईने एका दिवसाचं पान घेतलं होतं. व्यवहार म्हणून पाहिला तर वेडेपणाच. पण असला एक व्यवहार तांब्यांच्याही खाती होता. नोकरीला लागले तेव्हा ते नऊ खोल्या पाहून आले होते. आडनाव सांगितलं की खोली नेमकी रंगवायला काढलेली असायची. दहाव्या खोलीला सुजयच्या वडिलांनी फक्त पगार विचारला. आणि शालन पहिल्या दिवशी विहिरीपाशी घुटमळली तेव्हा गंगुबाई खिडकीतून म्हणाल्या होत्या, पोहरा एकच आहे, तोच घ्या. ही रक्कम कुठल्याही वहीत नव्हती, म्हणून ती फिटतही नव्हती.

"आईचा अक्षर हाय त्याच्यावर?" कमळेने विचारलं.

त्यांनी डबा उघडून दिला. तिने एकेक पावती उलटी केली. पहिल्या पावत्यांवर अक्षर धड होतं. पुढे पुढे ओळ उतरत गेली. शेवटच्या चारांवर नुसतं 'पोचले', आणि तेही कागदाच्या कडेवरून घसरलेलं. कमळेला फार वाचता येत नव्हतं. तरी तिने बत्तीसच्या बत्तीस पाहिल्या.

"माझ्याकडं आईचा कायच नाय," ती म्हणाली. मागितलं असं नव्हे.

दापोलीहून परतीची गाडी साडेतीनची होती. तांबे उठले. डबा तिथेच राहिला.

घरी शालनने पिशवी घेतली आणि ती हलकी लागली तेव्हाच तिला समजलं. पिशवीत बोंबलांची पुडी होती. तिने ती उघडून पाहिली.

"बत्तीस महिन्यांचा भाडा दोनदा भरायचा," ती सावकाश म्हणाली, "आनि वर बुडवे म्हनून घ्यायचा."

"हां."

"अमरदीपला काय सांगणार?"

तांबे पाय धुवायला मागे गेले. शालनने त्या दिवशी बोंबील भाजले नाहीत, पुढेही चार दिवस नाही. पाचव्या दिवशी तिने कपाटातून पुडकं काढलं, आपल्या हाताने दोनदा मोजलं, त्यातले साडेअठ्ठेचाळीस हजार वेगळे केले आणि त्यांच्यासमोर ठेवून चुलीकडे गेली. अमरदीपला फोन तिनेच केला. काय बोलली ते त्यांना ऐकू आलं नाही; फोन मात्र लवकर संपला.

नव्वदातले एकेचाळीस दिवस उलटले होते. वेदिकाबाईंनी अर्ज तयार ठेवला होता. पुराव्याचं पुन्हा विचारलं, तेव्हा तांबे म्हणाले, "नाय काय आमच्याकडं." बाईंनी त्या जागी रेघ मारली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर सुजय भेटला. पैसे भरतायत हे त्याच्या वकिलाने त्याला कळवलं होतं. तो तोऱ्यात नव्हता. उलट थोडा ओशाळलेला.

"आधीच कबूल केलं असतंत तर एवढं वाढलंच नसतं, काका," तो म्हणाला. "मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आई किती विश्वास टाकायची तुमच्यावर."

"टाकायची," तांबे म्हणाले. मग विचारलं, "वर्षश्राद्ध कधी हाय?"

सुजयने तिथी सांगितली. का विचारलं, हे त्याला कळलं नाही.

आत पैसे भरायच्या खिडकीशी रांग होती. तांब्यांची पाळी आली तेव्हा कारकुनाने नोटा मोजल्या, थुंकी लावून पुन्हा मोजल्या, चलनावर शिक्का मारला आणि त्यांची प्रत खिडकीतून सरकवली. थकीत भाडे, व्याज, खर्च. भरणाऱ्याचं नाव, दावा क्रमांक, तारीख. सगळं बिनचूक. पत्ताही पाहिला. पिन कोड या वेळी बरोबर होता.

मागचा माणूस ढकलत होता, तरी तांबे जागचे हलले नाहीत. त्यांनी पावती उलटी केली. पाठ कोरी होती. अंगठ्याने ती एकदा पुसल्यासारखी करून त्यांनी घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि पुढच्या महिन्याचे नऊशे कोणत्या तारखेपासून घेता, असं कारकुनाला विचारलं.