उजव्या हाताची साखर

"महाराज, तुमची स्वतःची साखर किती?"

हा प्रश्न भर सभागृहात उभं राहून विचारायचा, अशी पैज मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. जिंकले तर आठवडाभर माझं दप्तर त्या उचलणार. दप्तर गेलं खड्ड्यात! मला सूड घ्यायचा होता.

सभागृहात दोनशे माणसं दाटीवाटीने बसलेली. मंचावर साखरमहाराज, शुभ्र शाल, गुळगुळीत गाल. समोर बोट टोचून साखर मोजायचं छोटं यंत्र आणि आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून मागे भलामोठा पडदा. दारातच प्रत्येकाच्या उजव्या मुठीत साखरेचा ओलसर खडा ठेवला जायचा. "बोटांनी कुरवाळा त्याला, आपला रोग त्यात विरघळू द्या!" मग त्याच हाताचं बोट टोचायचं. पडद्यावर ३९०, ४२०! लोकांचे चेहरे पांढरेफटक. मग महाराजांच्या चांदीच्या भांड्यातल्या पाण्यात हात बुडवायचा, दहा मिनिटं डोळे मिटायचे, पुन्हा टोचायचं. १३०! टाळ्या, रडारड, लोटांगणं.

"डॉक्टर जन्मभर गोळ्या चारतो," महाराज गाणं म्हटल्यासारखं बोलायचे, "आम्ही दहा मिनिटांत धुऊन काढतो!"

धुऊन काढतो म्हणे. आणि खरंच तेवढंच करत होता मेला!

दोन महिन्यांपूर्वी याच पडद्यावर माझ्या आईचे आकडे झळकले होते. आधी ४१२, मग १३८. घरी येताच तिने मधुमेहाच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. "पुन्हा तपासायचं नाही. तपासणं म्हणजे शंका," असंही त्याने बजावलं होतं.

आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. तिची शिवण म्हणजे पट्टीने मारलेली रेघ. पण महिन्याभरात टीप वाकडी जायला लागली. सुईत दोरा ओवायला मला हाका. तांब्येच्या तांब्ये पाणी रिचवायची. तरी म्हणायची, "रोग जाताना त्रास देणारच गं."

मग कारखान्याची वार्षिक तपासणी आली. घरच्यांचीही फुकट होती, म्हणून मीही गेले. आई आत वजन करायला गेली आणि मी रांगेत लिमलेटची गोळी चोखत बसले. मधूनमधून ती बाहेर काढून किती उरली ते बघत होते. रक्त घेणाऱ्या मावशींनी माझं बोट टोचलं. ३१२!

मावशींनी माझी बोटं बघितली आणि फिस्सकन हसल्या. "अगं चिकटराणी, साबणाने हात धुऊन ये."

आले. ९४.

त्याच क्षणी माझी ट्यूब पेटली.

तीन दिवसांनी आईचा रिपोर्ट आला, तो घेऊन मी मावशींकडेच धावले. "हे बघ," त्या म्हणाल्या, "हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, ते बरं आहे. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाची खबरबात, तेही अजून ठीक. पण इथे बघ, तीन महिन्यांची सरासरी. साखर लाल पेशींना चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सोडत नाही. बोटाचा आकडा म्हणजे एका क्षणाचा फोटो, हा म्हणजे तीन महिन्यांची हजेरी. मागच्या वर्षी सात टक्के होता, आता अकरा झालाय."

"मग तो १३८ कुठून आला?"

"तेव्हा ती गोळ्या घेत होती ना! काम गोळ्यांनी केलं, श्रेय त्याने लाटलं. आणखी वर्षभर अशीच राहिली तर डोळे जातील, मूत्रपिंडं जातील."

मी आईला कागद दाखवला. "कागद चुकला असेल," ती म्हणाली. मग ठरवलं, त्याचा पडदा, त्याचं यंत्र, त्याचीच माणसं!

तर, माझा प्रश्न ऐकून महाराज मंद हसले. "बाळ, आमच्या रक्तात साखर नाहीच. तिथे फक्त नाम आहे."

"शून्य साखर? मग तुम्ही आत्ता बेशुद्ध पडायला हवं!"

मागून कुणीतरी खिदळलं. महाराजांचे कान लाल झाले. "ये इकडे, आधी तुझी बघू!"

मला तेच हवं होतं. उजवा हात पुढे केला. ३५८!

"बघा! उद्धटपणाचं फळ!"

"माझ्या पोरीला वाचवा हो!" माझ्याबरोबर आलेल्या आईने खालून टाहो फोडला. मी डावा हात रुमालातून बाहेर काढला. घरून साबणाने धुऊन आणला होता. "आता याचं बोट टोचा."

"एका माणसाचा एकच हात," म्हणत महाराज यंत्र आवरायला लागले.

तेवढ्यात आई धडपडत मंचावर आली. "पोर माझी आहे. टोचा म्हणते ना!"

दोनशे माणसं बघत होती. त्याला टोचावंच लागलं. पडद्यावर ९३.

"महाराज," मी माइकमध्ये विचारलं, "मला मधुमेह फक्त उजव्या हातालाच झालाय का हो?"

काय तो हशा! कान तृप्त झाले माझे. दाराशी ठरल्याप्रमाणे मावशी साबण, बादली आणि आपलं यंत्र घेऊन उभ्याच होत्या. मी ओरडले, "साखर रक्तातली नाही, बोटांवरची मोजतोय हा! हात धुवा आणि मग बघा. जो तपासू नका म्हणतो, त्यालाच आधी तपासा!"

आई सगळ्यांच्या आधी बादलीशी गेली. खसाखसा हात धुतले, परत मंचावर आली, मावशींच्या यंत्रावर बोट टोचून घेतलं. २७१. दोन महिन्यांचा सगळा खोटेपणा त्या आकड्यात होता. ती आकड्याकडे बघत राहिली, मग महाराजांकडे वळली. आणि बोटावरचं रक्त तिने शांतपणे त्याच्या शुभ्र शालीला पुसलं.

मागच्या दाराने पळताना त्याची एक चप्पल तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी आई डॉक्टरांकडे जाऊन नव्या गोळ्या घेऊन आली. बाबा हळूच म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता अभ्यासाला लागा."

"लागते. पण तो पुढच्या रविवारी नदीपलीकडे शिबिर लावतोय. आई, बाबा, माझं ठरलंय. तो जिथे जिथे पडदा लावेल, तिथे तिथे दारात मी साबण घेऊन उभी राहणार."