मठातला बाण आणि पाहुण्यांचा कप

रोज सकाळी सात वाजता मी सासऱ्यांचं रक्त काढते. शुगर तपासायला बोटाला सुई टोचून एक थेंब, बास. पण सासूबाई असताना ही जोडी इंग्लंडची टूर करून आली होती ना! तिथे नन्सच्या कुठल्याशा पडक्या मठाचे चार दगड पाहिले आणि गाईडकडून एक दंतकथा ऐकली. श्रीमंतांना लुटणारा एक दरोडेखोर म्हातारपणी आजारी पडून त्या मठात आला. मठाची मुख्य बाई त्याच्याच नात्यातली. उपचार म्हणून तिने त्याची शीर कापली आणि मेलीने रक्त थांबवलंच नाही! मरता मरता त्याने खिडकीतून बाण सोडला आणि म्हणाला, पडेल तिथे मला पुरा.

"नात्यातल्या बाईनेच घात केला हो," अण्णा रोज बोट पुढे करून म्हणतात. मी रोज गोड हसते. हसून हसून गाल दुखायला लागलेत.

सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्याने, यतीनने, अण्णांना पुण्याहून इथे न्यूझीलंडला, टाकानिनीला आणलं, त्याला अकरा महिने झाले. परतीचं तिकीट येत्या शुक्रवारचं. राहणार की जाणार, ते शनिवारी सांगणार होते. मला ते हवे होते, अगदी मनापासून. पण म्हणायची चोरी! उगाच भिडेखातर राहिले म्हणजे? म्हणून मी आपली बडदास्त ठेवत होते. सोनेरी काठाची पाहुण्यांची कपबशी फक्त त्यांना. ताट उचलू द्यायचं नाही, झाडूला हात लावू द्यायचा नाही. त्यांची बॅग मात्र पलंगापाशी अर्धी भरलेलीच असायची.

शनिवारी सकाळी चहा ओतून कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तर अण्णा हातात वल्लरीचं खेळण्यातलं धनुष्य घेऊन उभे.

"खिडकीबाहेर पडला तर पुणे, घरात पडला तर टाकानिनी," म्हणाले.

"आजोबा, दॅट्स माय बो!" आमची आठ वर्षांची कन्या किंचाळली.

बाण सुटला तो थेट कपावर. कप फुटला, चहा भिंतभर, काचा माझ्या पायातल्या रबरी जँडल्सपर्यंत.

"अहो अण्णा! अक्कल गहाण टाकलीत का? या वयात हा चावटपणा? पाय उचला आधी! झाडू घ्या आणि एकूण एक तुकडा गोळा करा, मी नाही हात लावणार!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासऱ्यांवर ओरडले मी! यतीन तोंड उघडं टाकून दारात.

अण्णांनी झाडू घेतला. सगळे तुकडे गोळा केले, भिंत पुसली. मी उरलेला चहा माझ्या टवका उडालेल्या मगात ओतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. डोळे भरलेले.

"तुझी सासू गेल्यापासून कुणी ओरडलंच नव्हतं गं माझ्यावर," म्हणाले. "सगळे आपले पाहुण्यासारखं वागवताय."

मला हुंदका आवरेना.

मग त्यांनी बोट पुढे केलं. "चल, काढ रक्त. आणि यतीन, ती बॅग गॅरेजमध्ये टाक."