मधले बारा दिवस

टेबलावर दोन टिचक्या पडल्या आणि धाकट्या सुनेचा आवाज वाक्याच्या मध्येच अडखळला.

“इथे पूर्णविराम नाहीये, आई.”

“माहीत आहे. म्हणून तर मी मारला. वाक्य आहे की बोगदा? आत शिरून सव्वा मिनिट झालं, अजून उजेड दिसेना.”

धाकटीने कागद खाली ठेवला. खिडकीबाहेर नुकते कुठे फटफटत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या प्रबंधाचे दोन गठ्ठे होते, वाचून झालेला आणि वाचायचा. वाचून झालेला गठ्ठा बोटभर, वाचायचा वीतभर. त्याच्या वरच विद्यापीठाचे पत्र टाचलेले होते. आशय ठीक, भाषा दुर्बोध, विरामचिन्हे सदोष, तीस दिवसांत दुरुस्त करून पुन्हा सादर करावा, ही अखेरची संधी समजावी. त्या पत्रात मात्र एकही वाक्य दुर्बोध नव्हते.

धाकटी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. जुन्या जलवाहिनीवरच्या अकरा नळांचे पाणी तिने वर्षभर रोज सकाळी तपासले होते, कामावर जाण्याआधी, स्वतःच्या सायकलवर. टाकीपासून निघालेले पाणी शेवटच्या नळाला पोचेपर्यंत त्यातले क्लोरीन किती उरते, एवढाच तिचा प्रश्न. शेवटी फारसे उरत नाही, हे तिने केंद्रात तोंडाने कितीदा तरी सांगून पाहिले होते. सहायकाचे कोण ऐकतो? पदवीचा कागद हातात असता तर निदान कोणी वर बघून “काय म्हणालात?” असे विचारले असते.

म्हणून पत्र आले त्या संध्याकाळी ती रडली नाही. कागदांचा गठ्ठा उचलून तिने सासूबाईंपुढे ठेवला.

सासूबाईंनी एकतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली होती. आता चष्मा लावूनही अक्षरे मुंग्यांसारखी पळत, पण कान शाबूत होते. त्यांनी गठ्ठ्यावरून हात फिरवला, जाडी अजमावली आणि परत सरकवला.

“मी दुरुस्त करून देणार नाही. तू वाच, मी ऐकते.”

“नुसतं ऐकून काय होणार?”

“आमच्याकडे दोघी बसायच्या. एक मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीची नजर छापलेल्या कागदावर. स्वल्पविराम म्हणत बसलं तर दिवस जायचा, म्हणून टेबलावर टिचकी. स्वल्पविरामाला एक, पूर्णविरामाला दोन. एका कानाला जे कळलं नाही ते हजार डोळ्यांना कळत नाही, हे मी तिथे शिकले. मला एका ऐकण्यात कळलं तर पुढे जायचं. नाही कळलं तर पुन्हा लिहायचं. आहे कबूल?”

“मला एकोणतीस दिवस आहेत, आई.”

“मग बोलण्यात कशाला घालवतेस?”

तेव्हापासून रोज पहाटे दोघी बसत. धाकटीचा नवरा चहा करून ठेवी आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून न बोलता सटके. पहिल्या दिवशी तीन पानांना दीड तास लागला. सासूबाईंची टिचकी कडक होती, आणि जीभ तिच्याहून.

“‘सदर नमुने’, ‘सदर नळ’, ‘सदर निरीक्षण’... अगं, किती सदर? सदऱ्याला निदान बटणं तरी असतात.”

“शास्त्रीय लिहायचं म्हणजे असंच लिहितात.”

“असं? मग परीक्षकांनी परत का पाठवलं? त्यांना शास्त्र कळत नाही वाटतं!”

धाकटी ओठ मिटून खोडत राही. एका ओळीत चार गोष्टी कोंबायची तिला सवय होती, जणू पुढची ओळ कोणी देणारच नव्हते. सासूबाई म्हणत, “पोतंच्या पोतं जात्यावर ओतलंस तर पीठ पडेल का? मूठमूठ घाल. दळण सरतं बरोबर.” तिने मूठमूठ घालायला सुरुवात केली. मोठे वाक्य तोडले की दोन लहान वाक्ये आधी भांडल्यासारखी पाठ करून उभी राहत. मग एखादा ‘म्हणून’, एखादा ‘पण’ मध्ये पडून त्यांचा समेट घडवी. कुठे स्वल्पविराम काढल्याबरोबर शब्द एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालू लागत. आठव्या दिवशी सलग दोन पाने टेबल गप्प राहिले. धाकटीला वाटले, डोळा लागला. मान वर करून पाहते तर सासूबाई टक्क जाग्या.

“थांबलीस का? तो पाचवा नळ पुढे काय करतो ते सांग ना.”

त्या दिवशी धाकटी कामावर निघाली ती शीळ घालत.

तीन प्रकरणे अशी पार पडली. एकोणिसाव्या पहाटे चौथे उघडले, आणि त्याच्या दुसऱ्याच पानावर गाडी रुतली.

“‘सदर कालावधीतील...’ नाही, खोडते. ‘या कालावधीतील निरीक्षणे पूर्वोत्तर प्रवृत्तीस अनुसरून समाविष्ट करण्यात आलेली असून, त्यायोगे मालिकेचे सातत्य अबाधित राखले गेले आहे.’”

“नाही कळलं.”

धाकटीने ते तोडले. दोन केली, तीन केली. शब्द बदलले, क्रम बदलला. सासूबाईंनी सहाही वेळा तेच सांगितले आणि सहाव्या वेळी टिचकीही मारली नाही. हात मांडीवर ठेवून त्या ऐकत राहिल्या.

“एवढी तीन प्रकरणं उलगडलीस. हे तर दोन ओळींचं आहे. काय सांगायचंय तुला?”

धाकटीने पेनाचे टोपण लावले. पुन्हा काढले.

“काही दिवसांचे आकडे आहेत, एवढंच.”

“कुठल्या दिवसांचे?”

“गेल्या वर्षीचे. याच महिन्यातले. चौदापासून पंचवीसपर्यंत.”

सासूबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला. एका पेरावर आला आणि तिथेच राहिला. गेल्या वर्षी याच महिन्यात, तेरा तारखेला संध्याकाळी, त्या न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्या त्या सकाळी उशाशी धाकटी होती. दुसऱ्या सकाळीही. घरी आणले तोवर रोज सकाळी तीच होती. मुलगा रात्रीचा राही आणि उजाडले की कामावर जाई.

“त्या बारा दिवसांत नळांवर कोण गेलं?”

“कोणी नाही.”

“मग आकडे?”

“आधीच्या आठवड्याची आणि नंतरच्या आठवड्याची सरासरी काढून भरले.” धाकटी भराभर बोलू लागली. “आई, त्याने फारसं बिघडत नाही. आलेख बघा ना, रेघ सरळ जाते. भोक दिसलं असतं तर परीक्षकांनी तेवढंच धरलं असतं. उन्हाळ्यातला निष्कर्ष सगळा त्या महिन्यावर उभा आहे.”

टेबलाच्या कडेवर एक चरा होता, त्याच्यावरून सासूबाईंचे नख मागेपुढे होत राहिले.

“आमच्याकडे एक पुस्तक आलं होतं छापायला,” त्या शेवटी म्हणाल्या. “लिहिणारा वारला होता. बायकोने जपून ठेवलेली प्रत आणून दिली. त्यात सत्तावन्नावं पान नव्हतं. छप्पन्नानंतर एकदम अठ्ठावन्न. मालक म्हणाले, बाई, तुम्हाला लिहायची हातोटी आहे, द्या चार ओळी जोडून, वाचणाऱ्याला ठेच लागायला नको. मी जोडल्या. छान जोडल्या. शिवण दिसत नव्हती.”

“मग?”

“मग काय! पुस्तक खपलं. दुसरी आवृत्ती निघाली. एकाचंही पत्र आलं नाही.”

“म्हणजे कोणाला कळलं नाही.”

“नाही ना. त्याची बायको मला येऊन सांगून गेली, की तिला त्यातल्या नेमक्या त्याच ओळी सगळ्यात आवडल्या. अगदी त्यांचा आवाज ऐकू येतो, म्हणाली.” सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि न लावताच हातात धरून ठेवला. “मी तिला चहा दिला.”

नळाखालच्या भांड्यात थेंब पडत होता. धाकटीने उठून नळ घट्ट केला. मग येऊन बसली. कोरा कागद पुढे ओढला आणि न थांबता लिहिले.

“‘चौदा ते पंचवीस या बारा दिवसांत मी नमुने घेतले नाहीत. आधीच्या मसुद्यात या दिवसांचे आकडे मी सरासरी काढून भरले होते. ते आता वगळले आहेत.’”

“कळलं,” सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “कारण लिही. घरचं माणूस रुग्णालयात होतं म्हणून.”

“नको.”

“अगं, ते विचारतील.”

“विचारू देत. कारण माझं आहे, प्रबंधाचं नाही.” तिने आलेखाचे पान ओढून घेतले. “चला, आता हे अख्खं प्रकरण पुन्हा लिहायचंय. दिवस अकराच उरलेत.”

“दहा,” सासूबाई म्हणाल्या. “आजचा धरू नकोस, आज मार्गदर्शकांना आधी सांगून ये.”

मार्गदर्शक सरांच्या खोलीत पंखा होता पण तो कागदांच्या भीतीने बंद असे. त्यांनी ती तीन वाक्ये वाचली, पुन्हा वाचली आणि कागद हातभर लांब धरला.

“तुम्हाला भाषा सुधारायला सांगितली होती. ही भानगड कोणी सांगितली?”

“भाषा सुधारायला बसले, सर, तेव्हाच ही मध्ये आली.”

“न लिहिता खपलं असतं. मी स्वतः तीनदा वाचलंय, माझ्या लक्षात आलं नाही.”

“तुमच्या लक्षात येऊ नये असंच लिहिलं होतं मी.”

सरांनी तिच्याकडे पाहिले. ते वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, कटकटींना कंटाळलेला माणूस होता. त्यांनी आलेख उलगडून मधले बारा ठिपके पेन्सिलीने झाकून पाहिले.

“उन्हाळ्याचा निष्कर्ष राहत नाही हा. फार तर शक्यता म्हणता येईल. आणि समिती म्हणेल, बारा दिवस भरले, तर बाकीचे कशावरून खरे? पदवी रोखतील. पाच वर्षांची मेहनत पाण्यात घालाल.”

“बाकीच्या दिवसांच्या वह्या आहेत माझ्याकडे. वेळ, नळ, सगळं तिथल्या तिथे लिहिलेलं. सोबत जोडते.”

“मला माझ्या पत्रात हे कळवावं लागेल.”

“कळवा, सर.”

ती उठली. दाराशी गेल्यावर सरांनी हाक मारली.

“आणि ते बारा दिवस? ते तर आता परत मिळत नाहीत.”

“नाही मिळत. पण परवा चौदा तारीख आहे.”

“यंदाचे आकडे गेल्या वर्षात नाही बसवता येत, बाई.”

“नाहीच बसवणार,” धाकटी म्हणाली. “पण यंदाचे तरी कोणीतरी घेतलेले असतील.”

चौदा तारखेला पहाटे वाचन अर्धा तास आधी सुरू झाले आणि अर्धा तास आधी संपले. प्रकरणाची सात पाने झाली होती. धाकटीने बाटल्यांची पेटी सायकलला बांधली. टाकीजवळच्या पहिल्या नळाचे पाणी नळीत घेऊन तिने क्लोरीन दाखवणारी गोळी टाकली, तसे ते झकास गुलाबी झाले. दुसऱ्या नळाचेही तसेच. पुढे पुढे रंग उतरत गेला. सहाव्याचा जरा मलूल, नववा धुवून धुवून विटलेल्या कापडासारखा.

अकरावा नळ वाहिनीच्या अगदी टोकाला, एका अरुंद गल्लीत होता. तिथे एक म्हातारी हंड्यापाशी उकिडवी बसली होती. धाकटीला पाहून ती सावकाश हसली.

“आलीस होय गं? गेल्या वर्षी रोज यायचीस, मग मध्येच यायची बंद झालीस.”

“हो, आजी. नंतर आले होते पुन्हा.”

“नंतर आलीस, पण मधे नव्हतीस. आम्ही म्हटलं, तपासणारी येत नाही, म्हणजे पाणी सुधारलं असणार. उकळायचं सोडून दिलं सगळ्यांनी.”

धाकटीने नळी भरली, गोळी टाकली, अंगठ्याने तोंड दाबून हलवली आणि उजेडाकडे धरली. दोघी बघत राहिल्या. पाणी होते तसेच राहिले.

“काय निघालं?” म्हातारीने विचारले.

वहीत आकडा लिहून झाल्यावर धाकटी तिच्यासमोर खाली बसली, डोळ्याला डोळा भिडेल अशी.

“हे पाणी तसंच पिऊ नका. उकळून प्या. आज मी केंद्रात लेखी देते, आणि उद्या पुन्हा येते.”

म्हातारीने मान हलवली. मग गल्लीकडे तोंड करून, तिला जमेल तेवढ्या मोठ्याने, ते वाक्य तिने जसेच्या तसे पुढच्या दारात पोचवले.