काट्याचा निरोप

"पोटात कावळे ओरडतायत का गं तुझ्या? माइकमध्ये ऐकू येतायत," काचेपलीकडून रेकॉर्डिस्टदादा म्हणाला.

"कावळे कुठले, काट्या आहे. भूक लागलीय त्याला," तिनं काट्याच्याच चिरक्या आवाजात सांगितलं आणि पोटाशी उशी घट्ट धरली. "चल, लाव पुढचं."

काट्या म्हणजे साळिंदराचं पिल्लू. देशोदेशी चालणाऱ्या मुलांच्या वाहिनीचं लाडकं. प्रत्येक भाषेत त्याला निराळा गळा, मराठीतला हिचा. स्टुडिओत तिला सगळे 'काट्याची आई'च म्हणत. एरवी ती भित्री भागूबाई. लेक नुसती शिंकली तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. निघताना गॅस बंद आहे ना हे दोनदा बघून यायची. पण या आवाजबंद खोलीचं दार लागलं, की तिच्या जिभेला कुणाचं भय नसे.

आज दादाच्या शेजारी वाहिनीच्या मॅडम बसल्या होत्या.

"भागाच्या शेवटी तुम्ही 'येतो हं' म्हणता ना, ते आता नको," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या देशांत एकच निरोप ठरलाय. बाय-बाय."

तो 'येतो हं' खरं तर चुकून आला होता. पहिल्या भागाच्या दिवशी तान्ही लेक तापानं फणफणलेली. तिला सासूबाईंच्या मांडीवर देऊन, दारातून "येते हं" म्हणून ही निघाली होती. पडद्यावर काट्यानं हात हलवला तेव्हा समोरच्या कागदावर 'बाय-बाय' होतं, आणि तोंडून गेलं 'येतो हं'. दादानं तो तुकडा परत लावून पाहिला. काट्याच्या ओठांवर चपखल बसला होता. तिथंच राहिला.

"मॅडम, येतो म्हटलं की पोरं मुकाट्यानं टीव्ही बंद करू देतात. बाय-बाय म्हटलं की त्यांना वाटतं, गेला."

"कशावरून?"

"माझ्या घरात आहे एक."

"एका घरावरून जग चालत नाही हो."

"बरं, मग असं करते. त्याचं तोंड दिसतं तिथं बाय-बाय म्हणते. तो पाठ फिरवतो तेव्हा ओठ दिसत नाहीत, तिथं हळूच 'येतो हं' टाकते. दोन्ही साधेल."

"तिथं संगीत सुरू होतं." मॅडम गोड हसल्या. "आणि नव्या आवाजांच्या चाचण्या आमच्याकडे चालूच असतात, बरं का."

दादा उगाच बटणांवरची धूळ पुसू लागला.

"घ्या की चाचण्या," ती म्हणाली. "मी मला पटत नाही ते सांगितलं. आता म्हणते. आणि म्हणायचंच तर रडतराऊत नाही म्हणणार, काट्यासारखं म्हणेन."

तिनं हेडफोन नीट केला, मान वर केली आणि एका दमात 'बाय-बाय!' म्हणाली. लख्ख, उडी मारल्यासारखं. मॅडमनी अंगठा वर केला. एरवी 'झकास' म्हणणाऱ्या दादानं नुसतं पुढचं बटण दाबलं.

घरी तिचा एकच नियम होता: काट्याचा आवाज उंबऱ्याच्या आत काढायचा नाही. लेकीसाठी काट्या हा काट्याच राहायला हवा. दुपारी कार्यक्रम संपला की ही कामाला निघायची. काट्या 'येतो हं' म्हणाला, की पोर स्वतः टीव्ही बंद करायची आणि आईचा पदर सोडायची.

"तुझं ऐकत नाही, त्या काटेरी कार्ट्याचं ऐकते," मटार सोलता सोलता सासूबाई म्हणायच्या.

नवा भाग लागला त्या दुपारी ती चपला घालून दाराशी उभी होती. काट्यानं हात हलवला. "बाय-बाय!"

लेक टीव्हीच्या अगदी जवळ गेली. "येतो म्हण ना." नावांची पाटी वर सरकत होती. "काट्या, येतो म्हण ना रे!" हनुवटी थरथरायला लागली.

मटार सोलणारे सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

तिनं तोंडावर पदर धरला. आणि दारातूनच, चिरक्या आवाजात म्हणाली, "येतो हं!"

लेकीनं मागं वळून पाहिलं नाही. टीव्हीलाच म्हणाली, "लवकर ये." बटण दाबलं. मग पाय ओढत दाराशी आली.

"येते हं," ती आपल्या आवाजात म्हणाली.

"तू पण लवकर ये."

दार लागलं. खालच्या मजल्यावर बंद दाराआड कुणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं. "अजून एक! अजून एक लाव!" आई समजावत होती, "अगं, गेला तो, संपलं आता."

ती त्या दाराशी थांबली. घशाशी आलेला काट्याचा आवाज तिनं गिळला. दारोदार थांबायचं तर कामावर पोचायचं कधी? तिनं गळ्याभोवतीचा रुमाल घट्ट केला आणि जिना उतरू लागली.