खांबाजवळची रिकामी खुर्ची

मित्रांनो, मी टीव्हीवर कित्येकदा आले आहे, पण तुम्ही मला ओळखणार नाही. माझ्यावर बसलेला माणूस तेवढा दिसायचा, मी कधीच दिसले नाही. घडीची खुर्ची आहे मी. पाय गंजलेत, निळं कापड विटून राखाडी झालंय. डोंबिवलीतल्या एका बाल्कनीत माझ्या मांडीवर कढीपत्त्याची कुंडी ठेवलेली असते. काय करणार, कुणीतरी बसलंय एवढंच समाधान.

माझा जन्म कल्याणचा. बाजारात ताडपत्र्या शिवण्याचं एक लहानसं दुकान होतं, तिथल्या रमाबाईंनी माझं कापड दुहेरी टाके घालून शिवलं. मला विकत घेतलं केदारसरांनी. तेव्हा ते अगदी तरुण होते आणि एका वर्तमानपत्रात दर सोमवारी खेळांवर सदर लिहायचे. आता त्यांना स्वतःची खुर्ची कशाला हवी? तर शाळांच्या मैदानांवर कबड्डी आणि खो-खोचे सामने होतात, तिथे खुर्च्या असतात त्या फक्त मंचावर, पाहुण्यांसाठी. "मंचावरून पाहुणे दिसतात, खेळ नाही दिसत," असं सर म्हणायचे. म्हणून ते मला रेषेबाहेर, खो-खोच्या खांबाजवळ मांडायचे आणि अगदी पुढे सरकून बसायचे. मोहन्यापासून ठाण्यापर्यंतची धूळ मी खाल्ली आहे. सरांचा एकच हट्ट होता. जो सामना डोळ्यांनी पाहिला नाही, त्यावर एक ओळही लिहायची नाही.

मैदानावर माझा थाट होता बरं का! मुलंमुली मला उचलायला धावायची. सर येण्याआधीच मी खांबाजवळ मांडलेली असायची आणि माझ्यावर दुसरं कुणी बसत नसे. एकदा पाहुण्यांबरोबर आलेला एक जाडजूड माणूस येऊन टेकला, तर मुलींनी त्याला "काका, ती सरांची आहे" म्हणत उठवलं होतं. मी मनातल्या मनात फार खूश झाले होते.

पुढे वर्तमानपत्राची पानं कमी झाली. सरांचं सदर आक्रसत आक्रसत हाताच्या पंजाएवढं झालं. घरी अंतराचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, कॉलेज सुरू व्हायचं होतं. तेवढ्यात एका वाहिनीने विचारलं, संध्याकाळी घरूनच क्रिकेटच्या चर्चेत याल का? सर हो म्हणाले. घरातली फिरती खुर्ची कुरकुरायची आणि ते माइकमध्ये ऐकू जायचं, म्हणून लॅपटॉपसमोर माझी नेमणूक झाली. वर कोट, खाली घरातला लेंगा, असे सर माझ्यावर बसायचे. त्यांची बायको नीरजा मागच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या हलवून तिथे पुस्तकं लावायची. दिवसा मैदान, संध्याकाळी वाहिनी, रात्री सदर. दमायचे, पण दोन्ही सांभाळायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

अमृता तेव्हाचीच. दिवा स्टेशनजवळच्या चाळीतून खो-खो खेळायला यायची. काटकुळी पोर, पण पळायला लागली की पकडणारीला हवाच हाती लागायची. तिचे वडील देवराम यांनी तिचा खेळ कधी पाहिला नव्हता. आधी कामामुळे, मग आजारपणामुळे. पण सरांचं सदर ते सोडायचे नाहीत. अमृतावर पहिल्यांदा छापून आलं, तेव्हा पाण्याच्या टँकरसाठी अख्खी चाळ रांगेत उभी होती आणि देवरामांनी मध्ये उभं राहून ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. टँकर आला तरी लोक वाचन संपेपर्यंत हलले नाहीत, असं अमृता हसत सांगायची.

यंदा रविवारी, अंतिम सामन्याच्या दिवशी ती आली, तेव्हा हसत नव्हती. ठाकुर्लीतल्या शाळेचं मैदान होतं. माझ्या पाठीला धरून ती म्हणाली, "सर, ह्या वेळी नीट लिहाल ना? पप्पा आता अंथरुणातून उठत नाहीत. डॉक्टर पण काही बोलत नाहीत. व्हिडिओ दाखवला तर म्हणतात, ह्यात नुसती धावाधाव दिसते. सर लिहितात तेव्हा तू दिसतेस."

"अगं, सगळं लिहीन," सर म्हणाले. "उद्या सकाळी पेपर वाचून दाखव त्यांना."

सामना दुपारी होता, चर्चा संध्याकाळी. दोन्ही सहज जमणार होतं. पण प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्याशिवाय सामना सुरू करायला कुणी तयार होईना. मुली ताटकळत बसल्या. ऊन उतरलं, दिवे लागले, पाहुणे आले आणि मग भाषणं सुरू झाली. सरांचा फोन सारखा वाजत होता. शेवटी ते उठले.

"दहा मिनिटं बोलून येतो. घर इथे जवळच आहे," ते अमृताला म्हणाले. "ही खुर्ची इथेच आहे बघ. म्हणजे मी आलोच."

मित्रांनो, त्यांनी मला तारण ठेवलं होतं. आणि मी तिथेच राहिले.

त्या दिवशी वाहिनीवर एका मोठ्या क्रिकेटपटूच्या मांडीच्या स्नायूवर चर्चा होती. सरांना दोन वाक्यं बोलायला मिळाली. बाकी सगळा वेळ ते पडद्यावरच्या लहानशा चौकोनात नुसते बसून होते. हे मला नंतर नीरजाच्या तोंडून कळलं. ती म्हणत होती, "उठून जायचं होतंस रे! तुझ्याकडे बघत पण नव्हतं कुणी." सर म्हणाले, "पडद्यावर होतो गं. कसा उठणार?"

ते परतले तेव्हा मैदानात दिवे विझले होते आणि मुली मला घेऊन गेल्या होत्या. निकाल त्यांना फोनवर कळला. पण सामना पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. सोमवारच्या सदरात त्या मांडीच्या स्नायूबद्दल आलं.

दोन आठवड्यांनी अमृता मला परत द्यायला घरी आली. दारातच उभी राहिली.

"सर, खुर्ची."

"बाबा कसे आहेत?" सरांनी विचारलं.

"गेले. त्याच गुरुवारी." ती माझी घडी पुन्हा पुन्हा नीट करत होती. "सोमवारी पेपर दोनदा उलटून बघितला त्यांनी. मी म्हटलं, उद्या येईल. मग रोज मागायचे."

सरांचा चेहरा मला बघवेना. "अमृता, मी आता लिहितो. तू सांग, मी सगळं लिहितो."

"आता कोण वाचणार, सर?" ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पाया पडली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर सर माझ्यावर कधी बसले नाहीत. मैदानावरही गेले नाहीत. सदर त्यांनी स्वतःहून बंद केलं. वाहिनीवर दिसतात अजून, कुरकुरणाऱ्या खुर्चीवर. ते वाईट नाहीत हो. दमलेला माणूस होता, त्याला वाटलं, दहा मिनिटांनी काय बिघडतं! म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो, कुणी आपल्यासाठी जागा धरून ठेवली असेल तर ती रिकामी ठेवू नका.

आणि एक काम करा. सरांनी पाहिला नाही तो सामना मी पाहिला होता. लिहिता येत नाही म्हणून इतके दिवस पोटात ठेवला. आता सांगते, पण हे शेवटचं जरा मोठ्याने वाचा. देवराम वाचायचे तसं.

ठाकुर्लीच्या मैदानावर शेवटचा डाव सुरू होता. समोरच्यांना बरोबरीसाठी एकच गडी टिपायचा होता आणि मैदानात आपली अमृता एकटी उरली होती. ती उजवीकडे झुकायची आणि डावीकडे निसटायची. दरवेळी माझ्या खांबाला वळसा घालताना माझ्याकडे बघायची आणि पुन्हा पळायची. शेवटी पकडणारीने खांबावरून अंग झोकून दिलं. तिची बोटं अमृताच्या वेणीजवळून गेली. अमृता अडखळली, हात मातीला टेकला, पण पडली नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा देवरामांची मुलगी उभी होती.